आधी व्हिक्टोरिया की एलिझाबेथ?

ब्रिटनच्या राजघराण्यावरची भरजरी मालिका पाहायला घ्यायची, तर बहुधा दोन नावांपाशी मन अडते: 'व्हिक्टोरिया' आणि 'द क्राउन'. दोन्ही २०१६ साली सुरू झाल्या. मी दोन्ही पाहिल्या, आणि त्याही चुकीच्या क्रमाने, असे आता वाटते.

सुरुवातीची पकड 'व्हिक्टोरिया'चीच अधिक आहे. १८३७ साली अठराव्या वर्षी गादीवर आलेली मुलगी आईच्या धाकातून सुटू पाहते आणि पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर विसंबते, ते प्रसंग जेना कोलमन आणि रूफस सेवेल यांनी फार सुरेख केले आहेत. नोकरचाकरांची उपकथानके थोडी लांबतात, पण तेवढे चालवून घेता येते.

चालवून घेता आला नाही तो शेवट. लंडनचे १८५१ चे भव्य औद्योगिक प्रदर्शन पार पडते, राणीचा नवरा अल्बर्ट कोसळतो आणि तिसरे पर्व तिथेच संपते. चौथे आलेच नाही. राणीने त्यानंतर पन्नास वर्षे राज्य केले. १८५७ चा उठाव, १८६१ मधला अल्बर्टचा मृत्यू, १८७७ च्या दिल्ली दरबारात जाहीर झालेले सम्राज्ञीपद, म्हणजे आपला ज्याच्याशी संबंध येतो ते जवळजवळ सगळेच बाहेर राहिले. पुढच्या रविवारी मुलीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अल्बर्टचा पुतळा दिसताच तिने विचारले, "बाबा, मग यांचं पुढे काय झालं?" मालिकेचे उरलेले भाग मला भायखळ्यापासून दादरपर्यंत लोकलमध्ये तोंडी सांगावे लागले.

दुसऱ्या एलिझाबेथवरची 'द क्राउन' संथ आहे, हे मान्य करायला हवे. शिवाय दर दोन पर्वांनी राणीचा चेहरा बदलतो, क्लेअर फॉय यांच्या जागी ऑलिव्हिया कोलमन आल्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "आता ही कोण?" असे दोनदा विचारले. नजर मात्र तीन-चार भागांत सरावते. १९६६ साली वेल्समधल्या अॅबरफॅन येथे कोळशाच्या खाणीतल्या राडारोड्याचा ढिगारा शाळेवर घसरून ११६ मुले दगावली आणि राणी तिथे आठ दिवसांनी पोहोचली. त्या दिरंगाईवर बेतलेला भाग पाहून झाल्यावर घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. पाचव्या पर्वात पकड सुटते, निदान मला तरी तसे वाटले. तरीही सहा पर्वे आणि साठ भागांनंतर कथा आपल्या मुक्कामाला पोहोचते.

दोन्ही पाहण्याइतकी सवड असेल, तर 'व्हिक्टोरिया' आधी संपवावी, म्हणजे अर्धवट राहिल्याची हळहळ शेवटी उरणार नाही. एकच पाहायची असल्यास मी, भीतभीतच, 'द क्राउन' सुचवेन. पहिल्या दोन भागांत डुलकी लागलीच, तर १९५२ मधल्या लंडनच्या विषारी धुक्यावरच्या चौथ्या भागापर्यंत तरी थांबावे.