१४३ दिवसांचे शून्य : सवयींच्या अ‍ॅपचा दहा महिन्यांचा अनुभव

जुलैच्या १३ तारखेला दुपारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून मी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, गेले. खाली वाडीत पाच दिवस रेंज नव्हती आणि आदल्या रात्री लाईट आल्यामुळे फोन नुकता चार्ज झाला होता. शाळेच्या कट्ट्याशी उभी राहून मी अ‍ॅप उघडले. जिथे सलग दिवसांचा १४३ हा आकडा असायला हवा होता तिथे शून्य होते आणि त्याखाली लिहिले होते, ‘हरकत नाही, आज नव्याने सुरुवात करा.’ त्या शून्याविषयी मी तेव्हापासून इतका विचार केला आहे की हा अनुभव मुख्यतः त्याच्याविषयीच आहे, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे. आठवणीची घंटा कशी लावायची, महिन्याचा आलेख कुठे दिसतो, ही माहिती सगळीकडे मिळते. अ‍ॅपचे नाव मी देत नाही, कारण सलग दिवस मोजणारी अशी अ‍ॅप्स बरीच आहेत आणि माझी तक्रार त्या मोजणीच्या रीतीशी आहे.

अ‍ॅप घेण्याचे कारण सांगितल्याशिवाय ही तक्रार समजणार नाही. आमची वाडी, म्हणजे माड-पोफळींची बाग, दापोली तालुक्यात, मुरुडजवळ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि सकाळी उभ्या असलेल्या पोफळींपैकी (सुपारीच्या झाडांपैकी) जवळजवळ पावणेदोनशे संध्याकाळपर्यंत आडव्या झाल्या. २२ माड गेले, त्यांतले काही सासऱ्यांनी लावलेले होते. पुढच्या पावसाळ्यात आम्ही नऊ-नऊ फुटांवर खड्डे घेऊन पोफळीची १२० रोपे लावली, केळी लावून त्यांना सावली केली, पण माझे मन काही वाडीत परत आले नाही. पोफळ फळायला पाच-सहा वर्षे लागतात आणि तोवर रोज उठून शिंपणे कशासाठी करायचे, याचे उत्तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला सहज सापडत नाही. सकाळी उशिरा उठणे, दुपारी उगीच पडून राहणे, कोणाचा फोन आला तर नंतर करते म्हणून ठेवून देणे, हे सगळे हळूहळू अंगवळणी पडले होते. माझी डोंबिवलीची नणंद हे अ‍ॅप आधीपासून वापरत होती. तिच्या आग्रहावरून १५ फेब्रुवारीला मी वर्षाचे ११९९ रुपये भरले. घरखर्चाच्या वहीत ती रक्कम कोणत्या सदरात लिहावी हेसुद्धा मला त्या दिवशी ठरवता आले नव्हते.

सुरुवातीचे दोन प्रश्न मात्र फार चांगले आहेत. पहिला प्रश्न आहे, ‘हे कशासाठी?’ आणि उत्तर एका ओळीत लिहावे लागते. मी लिहिले, ‘वाडी पुन्हा उभी करायची आहे.’ ती ओळ रोज सकाळी अ‍ॅप उघडताच सर्वांत आधी दिसते. दुसरा प्रश्न प्रत्येक सवयीपुढे येतो : ‘कशानंतर?’ घड्याळातली वेळ मागण्याऐवजी तुम्ही आधीपासून न चुकता करत असलेले एखादे काम ते मागते. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे सविस्तर अभ्यासले आहे. नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे ठरवणारी माणसे ठरवलेले काम अधिक वेळा पार पाडतात, असे त्याच्या अभ्यासांतून दिसले. मी लिहिले, ‘चहाचे आधण ठेवल्यानंतर वाडीत फेरी.’ आता आधण ठेवले की पाय आपोआप मागील दाराच्या पायरीकडे वळतात. पाटाच्या कडेने चालत जायचे, प्रत्येक आळ्यात पालापाचोळा नीट आहे ना ते पाहायचे, नवीन पान उलगडते आहे का, शेंड्याला कीड नाही ना, हे हाताने चाचपायचे आणि परत यायचे. तोवर आधणाला उकळी आलेली असते. फेब्रुवारीत मी रोपे नुसती मोजत होते. एप्रिलमध्ये मला कोणते रोप कुठे वाढते आहे हे न मोजता सांगता येऊ लागले.

दुसरी सवय रात्रीच्या जेवणानंतर वाडीची नोंदवही लिहिण्याची होती. तिसरी अ‍ॅपने सुचवली होती : दिवसातून एकदा कोणाशी तरी कामाव्यतिरिक्त बोलणे. ती मला निरर्थक वाटली होती आणि तीन सवयी निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही म्हणूनच मी ती ठेवली.

मे अखेरीस कोणी विचारले असते तर मी पाचपैकी साडेचार गुण दिले असते. मराठी भाषांतर ओबडधोबड आहे आणि सकाळी येणारी सुविचारांची पाटी बंद करता येत नाही, एवढीच तेव्हा तक्रार होती.

८ जुलैला पहाटे घाटीवरचा विजेचा खांब झाड पडून मोडला. कोकणात पावसाळ्यात हे नवीन नाही. पाच दिवस लाईट नसणे ही बातमीसुद्धा होत नाही. त्या पाचही दिवशी मी फेरी केली. मुसळधार पावसात इरले घेऊन गेले, एका आळ्यात पाणी तुंबले होते तिथे चर काढून दिला, आणि फोन बंद असल्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने खूण केली. अ‍ॅपला मात्र नेटवर्क नसताना नोंद घेता येत नाही आणि मागच्या दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर स्वीकारली जात नाही. म्हणून केलेले काम न केलेले ठरले, आणि ८ जुलैपूर्वीचे १४३ दिवसही त्याच्याबरोबर पुसले गेले.

मी ग्राहक सेवेला त्याच दिवशी ई-मेल पाठवला, दिनदर्शिकेच्या पानाचा फोटोही जोडला. २६ दिवसांत सात पत्रे झाली. प्रत्येक उत्तराखाली वेगळे नाव असे आणि प्रत्येक जण मला फोन बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगत असे. चौथ्या उत्तरात त्यांनी सुचवले की सलग मोजणी तुटू नये म्हणून दिवस राखून ठेवण्याची सोय ४९ रुपयांना विकत मिळते. पाच दिवसांचे २४५ रुपये झाले. तेही आगाऊ घ्यायला हवे होते. खांब पडल्यानंतर त्याचा उपयोग नाही. वर्षाची वर्गणी भरलेल्या माणसाला स्वतःच केलेल्या कामाची नोंद टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागणे मला अत्यंत अयोग्य वाटले आणि आजही वाटते.

पैशांहून अधिक मला एक गोष्ट लागली. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर लिहिले आहे की सवय २१ दिवसांत लागते. हा आकडा फार पसरलेला आहे, पण त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या रूपाची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्याने १९६० मध्ये लिहिले. त्यातला ‘किमान’ पुढे गळून गेला. सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला आणि तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एक नवी कृती केली. ती अंगवळणी पडण्याचा काळ मधल्या माणसाला ६६ दिवस आला, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अ‍ॅपवाल्यांनी वाचायला हवा होता : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मी सहाव्या पत्रात त्यांना लिहिले. सातवे उत्तर फोन पुन्हा सुरू करण्याविषयीच होते.

आम्ही लावलेल्या १२० रोपांपैकी पहिल्या वर्षी ११ मेली. दुसऱ्या पावसाळ्यात तेवढ्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, नव्या रोपांनी भरल्या. वाडीत काम करणारा कोणताही माणूस उरलेली १०९ रोपे उभी असताना ‘तुमची वाडी शून्य झाली’ असे म्हणणार नाही. मेलेले रोप उपटायचे, आळे पुन्हा खणायचे, त्यात दुसरे लावायचे. सवयीतही मधला दिवस रिकामा राहिला तर तेवढीच नांगी भरायची असते. आमच्या गावाला हे दुसऱ्या एका उदाहरणानेही ठाऊक आहे. अण्णासाहेब कर्वे मुरुडचे. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी मुरुडहून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. मोजणीची ही रीत लावली तर घाट चढून केलेली ती सगळी चाल शून्य ठरते. पुढे त्यांनी पदवी घेतली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. लहानपणी शाळेत ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की तिचा माझ्याशी काही संबंध असेल असे वाटलेच नव्हते.

शून्य पाहिल्यानंतर तीन दिवस मी फेरी केली नाही, हे इथे नोंदवते. पाच दिवस वादळी पावसात न चुकलेली गोष्ट एका आकड्याने चुकली. माणसाला रोजच्या कामाची उमेद देण्यासाठी बनवलेल्या साधनाचा याहून मोठा दोष मला सांगता येणार नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवला होता आणि शेवटी ‘घेऊ नये’ असा स्पष्ट सल्ला दिला होता. तो आता मी काढून टाकला आहे, त्याचे कारण माझी नणंद. अ‍ॅपमध्ये आपला एक साथीदार जोडता येतो. त्याला आपले मजकूर दिसत नाहीत, फक्त आजची खूण झाली की नाही ते दिसते. जुलैत मी दोन दिवस दिसले नाही, तेव्हा वन्संनी फोन केला. तो बंद लागला. मग त्यांनी जुन्या वहीतून सड्यावरच्या दुकानदाराचा नंबर शोधून त्याला विचारले. १० जुलैला संध्याकाळी, धो धो पावसात, त्याचा मुलगा पाखाडी उतरून आमच्या पडवीत उभा राहिला. अंगावरचे पाणी निथळत होते आणि तो आत यायला तयार नव्हता.

“डोंबिवलीच्या आत्यांचा फोन होता, काकू. तुम्ही बऱ्या आहात ना, एवढंच बघून यायला सांगितलंय.”

त्या दिवशी मला त्याचे महत्त्व कळले नाही; लाईट नसताना घरात शंभर कामे असतात. ऑगस्टमध्ये अ‍ॅप काढून टाकते असे मी वन्संना फोनवर सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वहिनी, सकाळी तुमची खूण दिसली की मला बरं वाटतं. मोजणी राहू दे, खूण तेवढी करत जा.” यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात आणि त्यांचा मुलगा परदेशात आहे. सहा महिने मी ज्या खुणेकडे केवळ माझा हिशेब म्हणून पाहत होते, तिच्यावर डोंबिवलीत एका माणसाची सकाळ सुरू होत होती. पूर्वी एखाद्या घरातून चुलीचा धूर दिसला नाही तर शेजारीण डोकावून जात असे. तेच काम ही खूण करत होती. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात ७२४ पुरुषांचे आयुष्य दशकानुदशके पाहिले गेले आणि पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत अधिक निरोगी आढळले. हे मी आधी वाचले होते आणि बाजूला ठेवले होते. तिसऱ्या सवयीला निरर्थक म्हणण्याची घाई मी करायला नको होती.

आता मी रोज खूण करते आणि फेरी झाल्यावर वन्संना फोन लावते. अ‍ॅपची घंटा त्यासाठी लागत नाही. काही वेळा बोलणे दोन मिनिटांचे होते, काही वेळा चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागतो. मार्च ते मे या काळात वाडीत मी जेवढे लक्ष दिले त्याहून आता अधिक देते, कारण संध्याकाळपर्यंत काय पाहिले ते सकाळी कोणीतरी विचारणार असते. ऑक्टोबरमध्ये पाटाकडच्या एका पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली, ती मी यजमानांच्या आधी वन्संना सांगितली आणि त्यावरून घरात थोडे बोलणेही झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस अ‍ॅपमध्ये सुधारणा झाली. सलग दिवसांच्या शेजारी आता एकूण दिवसही दिसतात आणि नेटवर्क नसताना केलेली नोंद फोनमध्ये साठून राहते. माझ्या पत्रांमुळे हे झाले असे मी म्हणत नाही, पण झाले हे चांगले झाले. माझे जुने १४३ दिवस मात्र एकूण आकड्यात धरलेले नाहीत. त्यासाठी आठवे पत्र पाठवले आहे. ४९ रुपयांची विक्री अजून चालू आहे आणि ती बंद होईपर्यंत मी तीन गुणांच्या वर जाणार नाही.

घ्यावे का, असे विचाराल तर एकट्याने घेऊ नये. तेवढे काम पेन्सिल आणि दिनदर्शिका फुकटात करतात आणि खांब पडला तरी करतात. दूरगावी एखादे आपले माणूस असेल आणि दोघांनी मिळून घेतले तरच पैसे वसूल होतात. दोघांची एकत्र वर्गणी १७९९ रुपये आहे, वेगवेगळी भरल्यास २३९८ होतात. हे मला दहाव्या महिन्यात कळले, कारण तो पर्याय वर्गणीच्या पानावर सर्वांत खाली आहे. आपोआप नूतनीकरणाची सोय मी बंद केली आहे. वन्संची मुदत मार्चमध्ये संपते, माझी १४ फेब्रुवारीला. मधल्या काही आठवड्यांचे काय करायचे ते आम्ही दोघी उद्या सकाळी फोनवर ठरवणार आहोत.