डायलिसिस युनिटची नवी सिस्टीम: आईसोबत नऊ महिने काढल्यावर

आईचं डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. म्हणजे महिन्यातून बारा-तेरा वेळा आम्ही त्याच दारातून आत जातो. मागच्या वर्षी हॉस्पिटलने (नाव देत नाही) सगळी व्यवस्था बदलली, पहिल्या आठवड्यात तर सगळंच भारी वाटलं होतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता लिहिते.

आधी कसं होतं, तर फाइल द्या, बसा, नाव पुकारतील. कधी? ते विचारायचं नाही. आपण बाथरूमला गेलो आणि नेमकं तेव्हाच पुकारलं तर, या धास्तीने मी आणि आई आळीपाळीने उठायचो. आता स्लॉट ठरलेला असतो, आदल्या संध्याकाळी मेसेज येतो, आणि बाहेरच्या स्क्रीनवर तुमच्या टोकनसमोर काय चाललंय ते दिसतं: आधीचा पेशंट उतरतोय, मशीनचं निर्जंतुकीकरण चालू, वजन करायला या. खरं सांगू का, थांबणं फार कमी झालेलं नाही, मी घड्याळ लावून बघितलंय, दहा-पंधरा मिनिटांचाच फरक आहे. पण आईची चिडचिड निम्म्यावर आली. डेव्हिड मेस्टर नावाच्या माणसाने 1985 मध्येच हे मांडून ठेवलंय, की किती वेळ आणि कशासाठी थांबायचं ते कळलं नाही तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. आधी मला वाटलं ही गुंडाळायची युक्ती आहे, पण मशीन निर्जंतुक होतंय असं समोर लिहिलेलं असलं की 'लवकर करा' म्हणायची इच्छाच होत नाही ना.

ॲपबद्दल दोनच वाक्यं. ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि मी नेमकी मीटिंगमध्ये असते, आणि आईचं क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळायचा कचरा) दर वेळी लालभडक रंगात उद्गारचिन्हासकट दाखवतात. अहो, किडन्या काम करत नाहीत म्हणूनच तर येतोय आम्ही! दोन महिन्यांत काढून टाकलं.

आतली मजा मात्र वेगळी आहे. खुर्चीला एक मोठ्या अक्षरातलं कार्ड अडकवतात: फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) डावा हात, या हाताला बीपी नाही, रक्त काढायचं नाही, ड्राय वेट (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) इतकं. आधी ड्युटी बदलली की नव्या माणसाला हे सगळं आईच पहिल्यापासून सांगायची, एकदा तर त्याच हाताला बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला होता, मी ओरडले म्हणून वाचलं. अलार्मचंही तसंच. पूर्वी मशीन वाजलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आता टेक्निशियनने एकदा नीट बसून समजावलं, हात वाकला की नळी दबते, दाब वाढतो, मशीन ओरडतं, आणि मग आईलाच विचारलं, 'काकू, आता तुम्ही मला सांगा बघू.' त्यामुळे ते डोक्यात बसलं. हल्ली शेजारच्या खुर्चीवरचं मशीन वाजलं की आईच म्हणते, 'काही नाही हो, हात सरळ करा.'

आणि हा टेक्निशियन मुलगा रोज आधी स्वतःचं नाव सांगतो. साधी गोष्ट आहे, पण ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर स्वतः कॅन्सरने अ‍ॅडमिट असताना त्यांच्या लक्षात आलं की कुणी नावच सांगत नाही, मग 2013 मध्ये त्यांनी त्याचीच मोहीम सुरू केली. म्हणजे त्रास सगळीकडे सारखाच.

आता तक्रार. ही सगळी अक्कल मशीन बंद होईपर्यंतच चालते. सुया काढल्या, दहा-एक मिनिटं दाबून धरलं, उभं करून बीपी बघितलं, की तुम्ही स्क्रीनवरून गायब. पेशंट तेव्हा पार गळून गेलेला असतो आणि नेमकं तेव्हाच बिल एका मजल्यावर, इंजेक्शनची चिठ्ठी दुसऱ्या मजल्यावर, व्हीलचेअर मात्र युनिटच्या दाराशीच परत द्यायची. पाचव्या महिन्यात एकदा मी बिलाच्या लाइनमध्ये, आई लिफ्टजवळच्या बाकावर, आणि सुईच्या जागेवर लावलेल्या बोळ्यातून रक्त झिरपून साडीवर आलं. एका वॉर्डमधल्या मावशींनी बघितलं म्हणून, नाहीतर आई बोलणारी नाही.

काहनेमन आणि रेडेलमायर या संशोधकांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपीच्या (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) पेशंट्सवर अभ्यास केला होता, त्यात तपासणी किती वेळ चालली याच्यापेक्षा सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं कशी गेली हेच लोकांच्या लक्षात राहिलं. आमच्याकडे वेगळा अभ्यास करायची गरज नाही. 'आज कसं झालं' विचारलं की आई स्क्रीनचं नाव काढत नाही, बाकाचं काढते.

दोनदा लेखी दिलं. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असा मेसेज आला, तोही ताबडतोब, म्हणजे वाचलेला नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की ते चार तास मी तिथेच खुर्ची गरम करत असते, बिल आणि चिठ्ठी तेव्हाच आटपा की, आणि व्हीलचेअर गाडीपर्यंत येऊ दे.

माझ्याकडून पाचपैकी तीन. आई म्हणते चार दे, उगाच त्या मुलाला वाईट वाटायचं.