म्हशीच्या कानाशी कावळा: सावंतवाडीजवळच्या एका पक्षीफेरीविषयी

जुलैमध्ये, लावणीची नांगरट चालू असताना, सावंतवाडीजवळच्या एका गावात घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कुटुंबाची सकाळची पक्षीफेरी आम्ही चौघांनी घेतली. माणशी ५०० रुपयांत अडीच तासांची पायपीट आणि परतल्यावर गरम घावणे, हा व्यवहार मला रास्त वाटला. धनेश पाहण्याच्या आशेने येणाऱ्यांची कदाचित निराशा होईल, कारण या फेरीचा खरा विषय गुरांच्या अंगाखांद्यावर वावरणारे पक्षी हा आहे.

व्हाळाकाठी बसलेल्या म्हशीच्या मानेवर कावळा उतरला, तेव्हा तिने त्याला झटकले तर नाहीच, उलट मान कलती करून कान सैल सोडला आणि कावळ्याने कानाच्या आतून एरंडाच्या बीएवढी टम्म फुगलेली गोचीड ओढून काढली. हे आम्ही दहा-बारा हातांवरून पाहिले. केवळ एवढ्यासाठीही मी पुन्हा जाईन.

वाट दाखवणारे काका जाणकार आहेत. जोताच्या मागे चालणाऱ्या केशरी मानेच्या गायबगळ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तो बैलाच्या पाठीर नाय, पायांकडे बघता." ते खरेच आहे, गायबगळा क्वचित गोचीड टिपतो, पण त्याचे पोट भरते ते गुरांच्या पावलांनी उठणाऱ्या नाकतोड्यांवर आणि बेडकांवर. म्हणूनच माहितीपत्रकातील 'पक्षी गुरांना गोचीडमुक्त ठेवतात' हे वाक्य खटकले. आफ्रिकेतील लाल चोचीचा ऑक्सपेकर गोचिडी खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे, तरीही झिंबाब्वेत बैलांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याला दूर ठेवल्याने मोठ्या गोचिडींची संख्या फारशी बदलली नाही. तो जखमा उकरून रक्त पितो, हेही त्यात दिसले. आपला कावळासुद्धा गुरांची जखम दिसली की ती टोचून वाढवतो. यजमानांनी ते वाक्य अवश्य बदलावे.

मात्र एक त्रुटी गंभीर आहे. परतीची वाट रानातून जाते, पण पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लांब मोजे घालण्याची सूचना आम्हाला कोणीही दिली नाही, आणि घरी आल्यावर मुलीच्या घोट्याला गोचीड चिकटलेली सापडली. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमार्फतच पसरतो आणि २०१६ मध्ये याच जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती, त्यामुळे ही सूचना नोंदणीच्या वेळीच द्यायला हवी. यजमानांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना माझ्यादेखत फोन केला.

दुर्बीण स्वतःची न्यावी. त्यांच्याकडे एकच आहे.