भरकटलेला शेरा: एक्सेलच्या नव्या सूत्रांसोबत आठ महिने

आमच्या सोसायटीतील १४४ सदनिकांचा हिशेब मी खजिनदार या नात्याने ठेवतो. एप्रिलमध्ये, कमिटीने खर्च मंजूर करण्याची वाट न पाहता, मी स्वतःच्या खिशातून ज्यात एक्सेलही येते त्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वार्षिक वर्गणी भरली, ती मुख्यतः फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळी निवडणारे), एक्सलुकअप (क्रमांकावरून त्याची माहिती शोधून आणणारे) आणि ग्रुपबाय (गटवार बेरीज करणारे) या तीन सूत्रांसाठी. ऑगस्टपर्यंत कोणी विचारले असते, तर पैसे वसूल झाले असेच मी सांगितले असते.

ऑगस्टमध्ये घडले ते असे. थकबाकीची यादी फिल्टरच्या एकाच सूत्रातून तयार होते; ज्याची बाकी शून्याहून अधिक, त्याची ओळ आपोआप खाली उमटते. सचिवांनी त्या यादीशेजारच्या मोकळ्या रकान्यात, ३०३ क्रमांकाच्या सदनिकेसमोर, ‘चेक परत आला’ असा शेरा लिहिला. दोन दिवसांनी यादीत वर असलेल्या एका सभासदाने पैसे भरले, त्यांचे नाव गळाले, खालची सगळी नावे एकेक ओळ वर सरकली आणि शेरा मात्र जागचा हलला नाही. तो आता ४०२ समोर होता, जिथल्या आजोबांकडून पार्किंगचे अवघे १५० रुपये येणे होते. यादी तशीच छापून बैठकीत वाटली गेली. पुढचा अर्धा तास काय ऐकून घ्यावे लागले, ते लिहीत नाही.

त्या रात्री मी एक्सेललाच दोष दिला होता. आज तसे म्हणणार नाही. पसरलेली यादी हा एका चौकटीतील सूत्राचा निकाल असतो, त्या ओळींना स्वतःचे अस्तित्व नसते, आणि शेजारी हाताने लिहिलेल्या मजकुराशी त्यांचा काहीही संबंध नसतो, हे मी सचिवांना आधीच सांगायला हवे होते. शेऱ्याचा रकाना आता मूळ तक्त्यात, सदनिका क्रमांकाच्या ओळीतच आहे आणि फिल्टर तो सोबत घेऊन येतो. मात्र जिथे शेरा नाही तिथे ते रिकामी जागा न ठेवता शून्य छापते. थकबाकीच्या यादीत ‘०’ हा शेरा वाचून लोक काय अर्थ लावतील, याची कल्पनाच केलेली बरी. सूत्रात त्या रकान्याला रिकामे अवतरण (&"") जोडले की शून्य जाते. पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझी एक संध्याकाळ गेली.

एक्सलुकअपबद्दल तक्रार नाही. मधे रकाना घातला तरी ते बिघडत नाही, आणि जुन्या व्हीलुकअप सूत्रात शेवटी फॉल्स (नेमकी जुळणीच हवी, असे सांगणारा शब्द) लिहायचे विसरले की भलत्याच सभासदाची रक्कम येई, तेही बंद झाले. अडचण आली ती ऑडिटच्या वेळी, कारण लेखापरीक्षकांच्या संगणकावर एक्सेलची २०१६ चीच आवृत्ती होती आणि तिला ही नवी सूत्रे ओळखता येत नाहीत. फाइल उघडली तेव्हा आकडे व्यवस्थित दिसले. त्यांनी पडताळणीसाठी एका सूत्रात शिरून एंटर दाबले आणि तिथे ‘#NAME?’ ही चूक झळकली. तेव्हापासून मी त्यांना केवळ आकडे चिकटवलेली वेगळी प्रत पाठवतो.

खरे समाधान मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. बँकेच्या बारा महिन्यांच्या सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्यांच्या) फाइली एका फोल्डरमध्ये टाकून पॉवर क्वेरी या एक्सेलमधील माहिती गोळा करणाऱ्या सोयीने एकत्र केल्या. आता नवा महिना आला की फाइल त्यात टाकायची आणि रिफ्रेश दाबायचे. पूर्वी या कॉपी-पेस्टमध्ये दर महिन्याचा एक रविवार जात असे. आणि मग कळले, की ही सोय २०१६ च्या आवृत्तीतही डेटा टॅबमध्ये होतीच. मी तिथे कधी पाहिलेच नव्हते.

फिल्टर आणि एक्सलुकअप एकदाच पैसे भरून घ्यायच्या, २०२१ पासूनच्या आवृत्त्यांतही आहेत. म्हणजे वर्गणी उरते ती केवळ ग्रुपबायसाठी, आणि त्याचा उपयोग मी विंगनिहाय बेरजेसाठी महिन्यातून एकदा करतो. आमच्या इमारतीला विंग तीनच आहेत. एप्रिलमध्ये वर्गणी पुन्हा भरणार नाही.