कोल्हापूर : कानांसाठी जा, जेवण आहेच

कोल्हापूर म्हटलं की लोक तांबडा-पांढरा रस्सा नि अंबाबाई एवढंच सांगतात, पण हे गाण्याचं पण गाव आहे हो. छत्रपती शाहू महाराजांनी शास्त्रीय गाण्यातलं जयपूर-अत्रौली घराणं सुरू करणाऱ्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, त्यामुळं त्या घराण्याचा विषय निघाला की कोल्हापूर येतंच. १८८३ सालचा गायन समाज देवल क्लब अजून आहे, बैठक असेल तर चुकवू नका, ऐकणारे जाणकार असतात, दाद पण योग्य जागीच येते.

तिथनं खासबाग मैदान जवळच. कुस्ती चालू असली की हलगी नि घुमकं ही वाद्यं असली कडकडतात की आपल्याला डावातलं काही कळत नसलं तरी अंगात येतं, नाद खुळा! माझ्यासाठी ट्रिपचा बेस्ट भाग हाच. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह मात्र ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळलं, ते आठवलं की वाईट वाटतं.

मिसळ इथं स्लाइस ब्रेडबरोबर देतात, पाव मागत बसू नका. रंकाळा तलावावर संध्याकाळी भेळ, गर्दी, ठीक आहे.

लॉज महाद्वार रोडच्या बाजूला घेतलेला, रूम बरी पण खाली मिरवणूक आली नि डॉल्बीनं खिडक्या थरथरायला लागल्या, मॅनेजर म्हणतोय "सण हाय दादा, चालायचंच". झोप प्यारी असेल तर जरा लांब रहा. पाचपैकी चार स्टार, एक त्या डॉल्बीचा कापला.