ग्राउंड क्लास चांगला, पण माहितीपत्रकातलं ‘सीएफआय’ आधी बदला

लेकीला पायलट व्हायचंय, म्हणून बारावी झाल्यावर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ग्राउंड क्लासला, म्हणजे पायलटच्या थिअरीच्या क्लासला घातलं, आता चार महिने झालेत म्हणून लिहितेय. शिकवणं खरंच मस्त आहे, मेटिऑरॉलॉजी तर इतकं सोपं करून सांगतात की पोरगी मला गच्चीत नेऊन ढग दाखवते, आई हा क्युम्युलस, हा असाच वर वाढत गेला तर संध्याकाळी गडगडाट. फी पण हप्त्यांत घेतात.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाची. सरांच्या नावापुढे ठळक छापलंय सीएफआय. आम्ही समजलो चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, म्हणजे फ्लाइंग स्कूलमधले सगळ्या इन्स्ट्रक्टरांचे प्रमुख, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ तोच. शेजारचे काका इथल्याच गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधून रिटायर झालेत, त्यांनी ते वाचून सरळ विचारलं, “कुठल्या क्लबचे चीफ होते हे?” मग मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले माझं ट्रेनिंग अमेरिकेत झालं, तिकडे सीएफआय म्हणजे सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर.

खोटं नाही हो, पण तिकडे ते शिकवायचं सर्टिफिकेट आहे आणि इकडे ते पद आहे, एवढा फरक आई-बापांना कसा कळणार? आपल्याकडे विमानात शिकवायचं तर डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं रेटिंग (शिकवायची परवानगी) लागतं, आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर. असिस्टंट असेल तर तो दुसऱ्याच्या देखरेखीखाली शिकवतो, पोराला पहिल्यांदा एकट्याने सोलोला सोडायचं तो ठरवू शकत नाही. काकांच्या फौजेत तर शब्दच वेगळा, क्यूएफआय, क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर.

आणि या क्लासमध्ये विमान नाहीच ना, थिअरी शिकवतात, मग सरळ ग्राउंड इन्स्ट्रक्टर लिहा, त्यात कमीपणा कसला? सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी पुढे २०० तास फ्लाइंग करायचंय, लाखांनी पैसे जाणार, तेव्हा कोणाच्या शब्दावर स्कूल निवडायचं हे आम्ही त्या तीन अक्षरांवरूनच ठरवतो. कुठेही ॲडमिशन घेताना बिनधास्त विचारा, सर तुमचं रेटिंग कोणतं, भारतातलं का बाहेरचं, चालू आहे का.

सर रागावले नाहीत, पुढच्या छपाईत बदलतो म्हणाले, पण गेल्या आठवड्यापर्यंत दारावरच्या बोर्डवर तेच होतं. शिकवण्याला पाच स्टार देईन, सध्या तीन देतेय, बोर्ड बदलला की इथेच येऊन वाढवेन.