उधारीच्या बिलासाठी स्विंगचा जेकॉम्बोबॉक्स: नावं नको, अख्खा कास्तकार भरा

हंगामात बियाणं-खत उधारीवर जातं आणि कापसाचा चुकारा आला की खातं मिटतं. विदर्भातल्या खेड्यातल्या कृषी केंद्रासाठी जावात बिलाचा प्रोग्राम करायचा, तर कास्तकार निवडायची यादी चोख हवी. एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार हमखास असतात.

या कामाला जेकॉम्बोबॉक्स (जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या संचातली, उघडून एक निवडायची यादी) उत्तम आहे, पण त्यात नुसती नावं स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून भरू नका. सारख्या नावांतलं दुसरं निवडलं तरी निवडीचा क्रमांक सांगणारा गेट-सिलेक्टेड-इंडेक्स पहिल्याचाच क्रमांक देतो. तो वरून खाली इक्वल्सने (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते ठरवणाऱ्या मेथडने) जुळवत येतो आणि पहिल्या जुळणीवर थांबतो. उधारी भलत्याच्याच खात्यावर चढते.

त्यापेक्षा खातं क्रमांक, नाव, गाव असलेला कास्तकार क्लास (साचा) करा आणि त्याचे ऑब्जेक्ट (एकेका खातेदाराची नोंद) यादीत भरा. इक्वल्स आणि तिच्या जोडीची हॅशकोड मेथड फक्त खातं क्रमांकावर लिहा. हे टाळलं तर जुनं बिल उघडताना फसगत होते: डेटाबेसमधून आलेला ऑब्जेक्ट नवा असतो, निवड बसवणाऱ्या सेट-सिलेक्टेड-आयटेमला तो यादीत सापडत नाही आणि आधीची निवड तशीच राहते. एररही येत नाही, म्हणून ही चूक सगळ्यात घातक.

दिसण्यासाठी टू-स्ट्रिंगमधून (ऑब्जेक्टचा मजकूर देणाऱ्या मेथडमधून) आधी नाव, मग गाव आणि खातं क्रमांक द्या. वेगळा रेंडरर (आयटेम कसा दिसावा ते ठरवणारा भाग) लिहून नाव दाखवता येतं, पण अक्षर दाबून उडी मारायची सोय टू-स्ट्रिंगचंच पहिलं अक्षर बघते. रेंडररमध्ये नाव आणि टू-स्ट्रिंगमध्ये क्रमांक असेल, तर काउंटरवरच्या माणसाने अक्षर दाबूनही नाव सापडत नाही. शिवाय काही निवडलेलं नसताना रेंडररला नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो. ती तपासणी हवीच.

जावा ७ पासून (२०११) जेकॉम्बोबॉक्सला टाइप (यादीत कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट आहेत ते) देता येतो. तरी गेट-सिलेक्टेड-आयटेम अजूनही साधा ऑब्जेक्टच परत करतो, तो कास्तकार आहे असं सांगून कास्ट करावाच लागतो. गेट-आयटेम-ॲटला निवडलेला इंडेक्स दिला तर थेट कास्तकार मिळतो.

यादी भरताना पहिला आयटेम आपोआप निवडला जातो. घाईत बिल पहिल्याच कास्तकाराच्या नावे निघू नये म्हणून भरून झाल्यावर सेट-सिलेक्टेड-इंडेक्सला उणे एक (काहीच निवडलेलं नाही) द्या, आणि सेव्ह करताना नल असेल तर थांबवा. ॲक्शन लिसनरही (निवड झाली की चालणारा कोड) यादी भरल्यावरच जोडा, नाहीतर भरतानाच तो चालतो. त्याऐवजी आयटेम लिसनर वापरला तर एका बदलाला दोनदा हाक येते, जुनं सुटल्याची आणि नवं निवडल्याची, दुसरीच घ्या.

खताच्या यादीलाही हेच लागू. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. वजन ऑब्जेक्टमध्येच ठेवलं की नावातून आकडा कापून काढावा लागत नाही.

हजारो खातेदार असतील तर ही यादी नको, शोधायची चौकट द्या. उघडताना रुंदी ठरवायला जेकॉम्बोबॉक्स प्रत्येक नाव मोजतो. प्रोटोटाइप डिस्प्ले व्हॅल्यूला सर्वांत लांब नावाचा नमुना दिला की ते मोजमाप वाचतं, पण नजरेने शोधण्याचा त्रास तेवढाच उरतो.